फॅमिली ग्रुपवर लग्नाचा व्हिडिओ जातो, त्यामागे गिलोटिनपासून थोडक्यात वाचलेल्या शिंप्याच्या पोराचं गणित आहे

हळदीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ. फॅमिली ग्रुपवर टाकला, ते गोल चक्र थोडा वेळ फिरलं आणि व्हिडिओ गेला. मामा पुण्यात, आत्या दुबईत, चुलतभाऊ नाशिकला. सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी ढोल वाजायला लागला. मग नेहमीप्रमाणे कोणीतरी तक्रार करतं की क्लिअर नाहीये, चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसतायत. आणि घरातला एखादा जाणकार भाचा सांगतो की व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता एक साधा हिशोब करू. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. झाले ६२ लाख बाइट, म्हणजे साधारण ६.२ एमबी. ही झाली एक फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाला १८६ एमबी आणि मिनिटाला ११ जीबीच्या वर!

म्हणजे १२८ जीबीचा फोन अकरा-बारा मिनिटांच्या शूटिंगमध्ये फुल्ल. आणि सेकंदाला २० मेगाबिटचं नेट असेल तर एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवायला सव्वा तास लागला असता. प्रत्यक्षात तेच एक मिनिट फोनमध्ये शंभर-सव्वाशे एमबीत मावतं आणि व्हॉट्सॲपवरून जाताना आणखी कितीतरी लहान होतं.

मग उरलेला डेटा जातो कुठे?

या प्रश्नाच्या उत्तरात बऱ्याच लोकांची डोकी खर्ची पडली आहेत. पण मुळाशी जी कल्पना आहे ती ज्या माणसाने मांडली, तो १८३० मध्येच वारला. तेव्हा टेलिफोन नव्हता, विजेचा दिवा नव्हता. त्या माणसाला व्हिडिओशी काही देणंघेणं असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला फक्त एवढंच शोधायचं होतं की तापलेल्या लोखंडातून उष्णता पुढे कशी सरकते.

नाव जोसेफ फुरिए. इंजिनिअरिंग केलेली मंडळी त्याला फोरियर म्हणतात आणि एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या नावाने शंखही करतात. पण पेपरात पोरांचा घाम काढणाऱ्या या माणसाचं आयुष्य सिनेमासारखं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

फ्रान्समधल्या ओसेर नावाच्या गावात २१ मार्च १७६८ ला त्याचा जन्म झाला. बाप शिंपी. पहिल्या बायकोपासून तीन मुलं, ती गेल्यावर दुसरं लग्न, आणि दुसरीपासून बारा. जोसेफ त्या बारातला नववा. नऊ वर्षांचा असताना आई गेली, पुढच्याच वर्षी बाप गेला.

अशा पोराचं पुढे काय होतं हे सांगायला नको. पण गावातल्या लोकांच्या मदतीने त्याला तिथल्या लष्करी शाळेत जागा मिळाली. ही शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे साधू चालवायचे. तिथे त्याला गणिताचं वेड लागलं. दिवसा वेळ पुरेना म्हणून तो मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करायचा आणि रात्री त्यांच्या उजेडात गणितं सोडवायचा, असं सांगितलं जातं. चौदाव्या वर्षापर्यंत त्याने बेझू नावाच्या गणितज्ञाच्या पाठ्यपुस्तकाचे सहाच्या सहा खंड संपवले होते.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. तोफखान्यात गणित लागतं आणि याच्याकडे ते भरपूर होतं. पण अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर घराणं उमराव नाही. शिंप्याच्या पोराने अधिकारी होण्याची पद्धत नव्हती, मग तो कितीही हुशार का असेना. पुढचं वाक्य आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग उरला एकच रस्ता, चर्चचा. १७८७ मध्ये तो साधू व्हायला मठात गेला. मन तिथेही गणितात. दीक्षेची शपथ घ्यायची वेळ आली तोवर १७८९ उजाडलं होतं आणि फ्रान्समध्ये क्रांती झाली होती. शपथ न घेताच तो मठातून बाहेर पडला. त्याच वर्षअखेरीस पॅरिसला जाऊन त्याने समीकरणांवरचा निबंध वाचला आणि मग गावी परत येऊन आपल्याच जुन्या शाळेत मास्तर झाला.

जन्मावरून माणसाची लायकी ठरणार नाही म्हणणारी क्रांती शिंप्याच्या पोराला आवडली नसती तरच नवल. १७९३ मध्ये तो गावातल्या क्रांतिकारी समितीत गेला. पण पुढे पॅरिसमध्ये डोकी उडायला लागली. रोबस्पिअरच्या राज्यात कालचा क्रांतिकारक आज देशद्रोही ठरत होता. ओर्लेआंला गेलेला असताना फुरिएने तिथल्या भांडणात चुकीच्या गटाची बाजू घेतली आणि ते त्याला महागात पडलं. जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली.

गिलोटिन समोर दिसत होतं. वय फक्त २६.

वाचला तो केवळ तारखेमुळे. २८ जुलै १७९४ ला रोबस्पिअरचीच मान गिलोटिनखाली गेली, सगळं चित्र पालटलं आणि फुरिए सुटला. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पकडलं. या वेळी आरोप उलटा होता, की हा रोबस्पिअरच्या काळातल्या लोकांपैकीच एक आहे. त्यातूनही तो सुटला.

या दोन अटकांच्या मध्ये त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चांगली गोष्ट घडली. पॅरिसमध्ये शिक्षक घडवणारी एकोल नॉर्माल सुरू झाली होती. तिथे विद्यार्थी म्हणून त्याची निवड झाली आणि शिकवायला कोण, तर लाग्रांज, लाप्लास आणि माँज. त्या काळातल्या गणिताचे तिन्ही बादशहा एकाच शाळेत! १७९७ मध्ये एकोल पॉलिटेक्निकमध्ये लाग्रांजच्या जागेवर फुरिए शिकवायला लागला. लाग्रांज हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर निघाला. सोबत फौज होती तशीच शास्त्रज्ञांची पलटणही होती आणि त्यात फुरिए होता. इंग्रजांच्या नेल्सनने नाईलच्या लढाईत फ्रेंच आरमार बुडवलं आणि ही सगळी मंडळी तिकडेच अडकली. तरी त्यांनी कैरोत संशोधन संस्था काढली. माँज अध्यक्ष, नेपोलियन उपाध्यक्ष आणि फुरिए सचिव. नेपोलियन पुढच्या वर्षी गुपचूप फ्रान्सला निघून गेला. फुरिए मात्र १८०१ पर्यंत तिथेच होता.

इजिप्तने त्याला एक सवय कायमची लावली. उकाड्याची. परत आल्यावर त्याला फ्रान्सची हवा सोसेना. उष्णता तब्येतीला चांगली असते असं त्याचं पक्कं मत झालं होतं. त्यामुळे तो अंगावर कपड्यांचे थर चढवायचा आणि खोली भट्टीसारखी तापवून ठेवायचा.

त्याला आता शांतपणे शिकवायचं होतं. पण नेपोलियनने त्याला ग्रनोबलला पाठवून दिलं, इझेर प्रांताचा प्रीफेक्ट म्हणून. म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारीच समजा. नाही म्हणायची सोय नव्हती. तिथे त्याने बूर्ग्वांची दलदल आटवण्याचं काम तडीस नेलं, आल्प्समधून इटलीकडे जाणारा रस्ता काढला, इजिप्तवरच्या भल्यामोठ्या सरकारी ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. एक तरुण पोरगाही त्याच्या नजरेत भरला. प्राचीन भाषांचं वेड असलेला शांपोलिओं. या पोराला सैन्यात भरती व्हावं लागू नये म्हणून फुरिएने आपलं वजन वापरलं.

आणि फायलींच्या ढिगाऱ्यातून वेळ काढून तो उष्णता मोजत बसायचा. लोखंडी कडं एका बाजूने तापवायचं आणि ठिकठिकाणी तापमान किती आहे ते बघायचं. एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार, आणि मधला प्रत्येक बिंदू हळूहळू बदलतोय. हे सगळं एका सूत्रात कसं बांधायचं?

त्याने काढलेला तोडगा असा. तापमानाचा आलेख कितीही वेडावाकडा असो, तो साध्या लाटांची बेरीज आहे असं समजा. एक मोठी संथ लाट, तिच्यात मिसळलेली थोडी बारीक लाट, तिच्याहून बारीक तिसरी, असं करत करत कुठलाही आकार बनवता येतो. प्रत्येक लाट स्वतंत्रपणे सोडवणं सोपं असतं. शेवटी सगळ्यांची बेरीज करायची, झालं.

गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. समोर उभं राहिलं की ढोल, ताशा, झांज सगळं एकत्र कानावर आदळतं. पण हवेतून येतं ते एकच थरथरणं. त्यातून हा ढोल, हा ताशा असं वेगळं काढता येतं, कारण ढोलाची लाट मोठी आणि संथ, झांजेची बारीक आणि वेगवान. फुरिएने दाखवलं की हे वेगळं काढणं गणिताने करता येतं आणि फक्त आवाजाचं नाही, कशाचंही.

उष्णतेत त्याला आणखी एक गोष्ट दिसली. बारीक लाटा आधी विझतात. लाट दुप्पट बारीक असेल तर ती चौपट वेगाने विरते. म्हणून तापलेल्या लोखंडातले छोटे छोटे फरक लगेच पुसले जातात आणि ढोबळ फरक बराच वेळ टिकतो. पथक दोन गल्ल्या पुढे गेलं की झांज ऐकू येत नाही, नुसता ढोल येतो, तरी काय वाजतंय ते कळतं. तसंच काहीसं.

आता फोन हातात घ्या, कारण व्हिडिओत नेमकं हेच चालतं.

फोटोचा ८ गुणिले ८ ठिपक्यांचा एक छोटा चौकोन घ्या. त्यात ६४ ठिपके. ते ६४ आकडे तसेच लिहून ठेवण्याऐवजी फोन त्यांच्या लाटा करतो. पहिला आकडा म्हणजे चौकोनाचा सरासरी उजेड, मग संथ बदल, मग बारीक बदल. आता हळदीच्या व्हिडिओत मंडपाचं कापड असतं, आकाश असतं, गाल असतो. अशा ठिकाणी संथ लाटांचेच आकडे मोठे निघतात, बारीक लाटा जवळपास शून्य. शिवाय बारीक फरक आपल्या डोळ्याला फारसे जाणवतही नाहीत. मग ते आकडे ढोबळ करायचे किंवा सरळ टाकून द्यायचे. ६४ पैकी पाच-सात आकड्यांत काम भागतं. दुसऱ्या बाजूचा फोन त्या लाटांची परत बेरीज करतो आणि चित्र उभं राहतं. आपण प्ले दाबतो तेव्हा आत ही बेरीज चाललेली असते.

व्हिडिओ जास्तच दाबला की लाटा इतक्या कमी उरतात की चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. चेहऱ्यावरचे ते चौकोन म्हणजे हेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की ॲप फाईलला हात न लावता जशीच्या तशी पुढे ढकलतं, म्हणून क्लिअर दिसतं, पण डेटा जास्त खातं. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाईल अशी जाते. एखाद्या जुन्या फोनवर नुसता आवाज येतो आणि स्क्रीन काळी राहते, तेव्हा बहुतेकदा फाईल बिघडलेली नसते. चित्र ज्या नव्या पद्धतीने बांधलंय ती सोडवायची किल्ली, म्हणजे कोडेक, त्या फोनकडे नसते.

अर्थात सगळं श्रेय फुरिएला देणं बरोबर नाही. मागच्या फ्रेममधलं जे हललंच नाही ते पुन्हा न पाठवणं, ही वेगळी युक्ती आहे आणि तीही प्रचंड जागा वाचवते. लाटांची पद्धत चित्रांसाठी वापरात आणली ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी सरकारी निधी मागितला तर तो नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेपीईजी फोटोपासून आजच्या मोबाईल व्हिडिओपर्यंत त्याच निबंधाची वंशावळ आहे.

आणि व्हिडिओ नुसता लहान करून भागत नाही, तो टॉवरपर्यंत पोचवायलाही लागतो. ४जी आणि वायफाय डेटा एका लाटेवर नाही तर शेकडो बारीक लाटांवर वाटून पाठवतात. फोनची चिप या लाटा वेगळ्या काढते ती फुरिएच्याच गणिताने. ४जीवर डाउनलोड चालू असताना हे काम सेकंदाला साधारण १४ हजार वेळा होतं. इतक्या वेगाने ते करण्याची रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडली.

पण हे सगळं दीड-दोन शतकांनंतरचं. २१ डिसेंबर १८०७ ला पॅरिसच्या संस्थेपुढे फुरिएचा निबंध वाचला गेला तेव्हा परीक्षक म्हणून बसले होते लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रुआ. जवळपास सगळे त्याचे गुरू. आणि सगळ्यात ज्येष्ठ असलेल्या लाग्रांजला ते पटलं नाही. त्याचा मुद्दा वरवर पाहता रास्तच होता. गुळगुळीत लाटा कितीही मिसळल्या तरी त्यातून टोकदार कोपरा किंवा तुटक उडी कशी तयार होईल? फुरिए म्हणत होता की होते, लाटा अनंत घ्या. पण त्याच्याकडे पक्की सिद्धता नव्हती. त्यात बिओ नावाच्या शास्त्रज्ञाची कुरकुर, की माझ्या कामाचा उल्लेखच केला नाही. निबंध छापला गेला नाही.

१८११ मध्ये संस्थेने उष्णतेच्याच विषयावर स्पर्धा ठेवली. फुरिएने निबंध वाढवून पाठवला आणि बक्षीस जिंकलं. पण अहवालात परीक्षकांनी खोच मारून ठेवलीच, की मांडणीत काटेकोरपणा कमी आहे. त्यामुळे बक्षीस मिळूनही निबंध पुन्हा पडून राहिला.

मधल्या काळात नेपोलियन हरला, एल्बा बेटावर गेला आणि १८१५ मध्ये तिथून निसटून थेट ग्रनोबलच्या दिशेने निघाला. फुरिए आता राजाच्या नोकरीत होता. त्याने लोकांना राजाशी एकनिष्ठ राहायला सांगितलं आणि जुना साहेब एका दरवाजाने येतोय म्हटल्यावर दुसऱ्या बाजूने शहर सोडलं. नेपोलियन आधी भडकला, मग त्यानेच फुरिएला काउंट केलं आणि ल्योंचा प्रीफेक्ट नेमलं. ती नोकरी फुरिएने लवकरच सोडली. काही आठवड्यांत वॉटर्लू झालं आणि दोन्हीकडून हात रिकामे राहिले. पेन्शनही गेली. एका जुन्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या आकडेवारी खात्यात नोकरी दिली म्हणून चूल पेटली.

१८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला सदस्य निवडलं तर राजाने ते नामंजूर केलं. नेपोलियनचा माणूस ना! पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं, तेव्हा मात्र मंजुरी मिळाली. मग १८२२ मध्ये, पहिला निबंध वाचल्यानंतर तब्बल १५ वर्षांनी, उष्णतेवरचं त्याचं पुस्तक छापून आलं. त्याच वर्षी तो अकादमीचा कायम सचिव झाला आणि त्या खुर्चीत बसून त्याने आपला १८११ चा बक्षीसपात्र निबंधही अकादमीच्या अंकांत छापून घेतला. लाग्रांज तोवर जाऊन नऊ वर्षं झाली होती. लाटांची बेरीज नेमकी कुठे चालते याची काटेकोर सिद्धता डिरिक्लेने १८२९ मध्ये दिली. म्हणजे फुरिएला आपण बरोबर होतो हे कळायला फक्त एक वर्ष उरलं होतं. जाता जाता, १८२४ मध्ये त्याने पृथ्वीचं वातावरण उष्णता धरून ठेवतं असंही लिहून ठेवलं. ज्याला आज आपण ग्रीनहाऊस इफेक्ट म्हणतो त्याची ती सुरुवात.

शेवटच्या वर्षांत दम लागायचा, तरी खोली तापलेली आणि अंगावर कपड्यांचे थर तसेच. ४ मे १८३० ला तो जिन्यावरून पडला आणि १६ मे रोजी पॅरिसमध्ये गेला. लग्न केलं नव्हतं.

त्याच्या जाण्याने आणखी एक घोळ झाला. गाल्वा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने स्पर्धेसाठी अकादमीला निबंध पाठवला होता आणि तो सचिव म्हणून फुरिएकडे आला होता. फुरिए वारल्यावर तो कागद सापडलाच नाही. पुढे त्याच गाल्वाच्या गणितातून आधुनिक बीजगणित उभं राहिलं. स्वतःचा निबंध १५ वर्षं अडकलेल्या माणसाच्या घरून असा कागद गहाळ व्हावा, हा नशिबाचा वाईटच खेळ.

फुरिएला पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत पुरलं आणि थडग्यावर इजिप्शियन पद्धतीचं नक्षीकाम केलं. पुढे आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञांची नावं कोरली गेली, त्यात त्याचंही आहे. गावात उभारलेला ब्राँझचा पुतळा मात्र दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांसाठी वितळवला गेला. आणि ज्या पोराला त्याने सैन्यातून वाचवलं होतं, त्या शांपोलिओंने १८२२ मध्येच, फुरिएचं पुस्तक आलं त्याच वर्षी, इजिप्तची चित्रलिपी उलगडली. १८३२ मध्ये तोही गेला. त्यालाही पेर लाशेजमध्येच पुरलं.